फ्लू औषधाला दाद देईनासा होतो तेव्हा

फ्लूवर औषध असते, हे २००९ पर्यंत आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नव्हते. त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, मास्कसाठी आणि तपासणीसाठी रांगा लागल्या आणि ‘टॅमिफ्लू’ हे नाव घरोघरी पोहोचले. त्यातले मूळ औषध ऑसेल्टामिविर. सरकारी रुग्णालयांतून त्याच्या गोळ्या दिल्या गेल्या आणि वेळेवर मिळालेल्या अनेक रुग्णांना त्यांचा उपयोग झाला.

त्या धावपळीत एक गोष्ट मात्र सर्वसामान्यांपर्यंत पोहोचलीच नाही. त्याआधीच्याच हिवाळ्यात हंगामी फ्लूच्या एका प्रकारावर हेच औषध जगभर जवळजवळ निकामी ठरले होते. पुण्यात आलेला विषाणू योगायोगाने वेगळ्या घराण्यातला होता, म्हणून औषध लागू पडले. हा योगायोग काय होता आणि त्यातून काय शिकायचे, हे समजून घेणे आजही गरजेचे आहे. कारण फ्लूच्या गंभीर रुग्णासाठी डॉक्टरांच्या हाताशी असलेली औषधे आजही एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

कात्री अडवणारे औषध

फ्लूचा विषाणू नाक, घसा आणि श्वासनलिकेच्या पेशींत शिरतो आणि तिथे आपल्या हजारो प्रती तयार करतो. तयार झालेले नवे विषाणू पेशीच्या पृष्ठभागावर चिकटलेले असतात. तिथून सुटण्यासाठी ते न्यूरामिनिडेज नावाचे प्रथिन कात्रीसारखे वापरतात. ऑसेल्टामिविर या कात्रीच्या पात्यांमध्ये जाऊन बसते. कात्री चालत नाही, नवे विषाणू सुटत नाहीत आणि पुढच्या पेशींकडे होणारा प्रसार मंदावतो. तोंडाने हुंगून घ्यायचे झानामिविर आणि शिरेतून देण्याचे पेरामिविर ही औषधेही याच कात्रीवर काम करतात.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. एक, हे औषध आधीच पसरलेला विषाणू मारत नाही, त्याचा पुढचा प्रसार रोखते. म्हणून ते लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या ४८ तासांत घेतले तर सर्वाधिक उपयोगी पडते. दुसरी, कात्रीच्या पात्याचा आकार जरासा जरी बदलला, तरी औषध तिथे नीट बसत नाही.

हा बदल होणे अवघड नाही. फ्लूचा विषाणू आपल्या जनुकांची नक्कल करताना सतत चुका करतो आणि त्या दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नसते. बहुतेक चुका त्याच्याच मुळावर येतात. एखादी मात्र नेमकी औषधाच्या जागी होते आणि तो विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.

पहिले औषध कसे गेले

याचा पहिला अनुभव ऑसेल्टामिविरच्या आधीच आला होता. १९६६ मध्ये अमेरिकेत अमॅन्टाडिन या औषधाला फ्लू-प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली. पुढे त्याचेच भावंड रिमॅन्टाडिन आले. विषाणूच्या कवचात एम-२ नावाचे एक बारीक छिद्र असते आणि ही औषधे ते बंद करतात. औषध स्वस्त होते, गोळीच्या रूपात मिळत होते आणि अनेक वर्षे चालले.

१९९४-९५ मध्ये जगभरातल्या फ्लू-ए विषाणूच्या नमुन्यांत या औषधांना दाद न देणारे विषाणू अर्धा टक्काही नव्हते. २००३-०४ पर्यंत हे प्रमाण १२ टक्क्यांच्या पुढे गेले. २००५-०६ च्या हिवाळ्यात अमेरिकेत एच३एन२ प्रकारच्या १२० नमुन्यांची तपासणी झाली, तेव्हा त्यातले १०९ औषधाला दाद न देणारे निघाले. जानेवारी २००६ मध्ये तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, फ्लूसाठी ही औषधे वापरू नका असे डॉक्टरांना कळवले. चाळीस वर्षांचे औषध जवळपास एका हंगामात बाद झाले. अमॅन्टाडिन आज पार्किन्सनच्या रुग्णांना दिले जाते, फ्लूसाठी नाही.

चीनमध्ये सर्दी-तापाच्या साध्या गोळ्यांत अमॅन्टाडिन मिसळलेले असे, त्यामुळे पहिला संशय अतिवापरावर गेला. पण जिथे हे औषध फारसे वापरलेच जात नव्हते, त्या देशांतही हाच विषाणू पसरला होता. नंतर औषधाचा वापर थांबला, तरीही आज पसरणाऱ्या जवळजवळ सगळ्या फ्लू-ए विषाणूंमध्ये तो बदल टिकून आहे. म्हणजे केवळ अतिवापर हे उत्तर पुरेसे नव्हते.

‘लंगडा’ विषाणू

ऑसेल्टामिविर १९९९ मध्ये बाजारात आले, तेव्हा तज्ज्ञांना एक दिलासा होता. न्यूरामिनिडेज ही विषाणूची अत्यावश्यक कात्री. तिच्या पात्यात बदल झाला, तर औषधापासून बचाव होईल, पण कात्रीही बोथट होईल. असा लंगडा विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे फारसा पसरणार नाही, असा हिशेब होता.

सुरुवातीचा अनुभवही तसाच होता. जपानमध्ये या औषधाचा वापर जगात सर्वाधिक होता. तिथे औषध दिलेल्या ५० मुलांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९ मुलांच्या शरीरात उपचार चालू असताना औषधाला दाद न देणारे विषाणू तयार झाले होते. आकडा काळजीचा होता, पण हे विषाणू समाजात पसरताना दिसत नव्हते. बदल त्या रुग्णात होई आणि तिथेच संपे.

२००८ च्या जानेवारीत या समजुतीला तडा गेला, तोही नॉर्वेमध्ये. तिथल्या प्रयोगशाळेने नेहमीप्रमाणे हंगामी एच१एन१ चे नमुने तपासले. त्यातले बहुसंख्य ऑसेल्टामिविरला दाद देत नव्हते. हंगाम संपेपर्यंत हे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश भरले. नॉर्वेत हे औषध क्वचितच वापरले जात होते आणि बाधित रुग्णांनी ते घेतलेले नव्हते. त्याच हंगामात औषधाचा सर्वाधिक वापर करणाऱ्या जपानमध्ये मात्र असे विषाणू अडीच टक्क्यांच्या आसपासच होते.

सगळीकडे एकच बदल आढळत होता. न्यूरामिनिडेजच्या साखळीत २७५ व्या जागी हिस्टिडिनऐवजी टायरोसिन हे अमिनो आम्ल आले होते. शास्त्रज्ञ त्याला ‘एच२७५वाय’ म्हणतात. एका मण्याची ही अदलाबदल झाली की ऑसेल्टामिविरला पात्यांमध्ये बसायला जागा उरत नाही. झानामिविरची ठेवण वेगळी असल्याने ते मात्र काम करत राहते.

२००८ च्या मध्यावर दक्षिण गोलार्धात फ्लूचा हंगाम आला, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत हा विषाणू सर्वत्र दिसला. २००८-०९ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या हंगामी एच१एन१ च्या ९९ टक्क्यांहून अधिक नमुन्यांत हाच बदल होता. डिसेंबर २००८ मध्ये सीडीसीला सूचना बदलाव्या लागल्या: हंगामी एच१एन१ ची शक्यता असेल तर झानामिविर द्या, किंवा ऑसेल्टामिविरच्या जोडीला रिमॅन्टाडिन द्या. एच३एन२ वर निकामी झालेले जुने औषध या विषाणूवर अजून चालत होते, म्हणून त्याला पुन्हा बोलवावे लागले.

लंगडा धावू कसा लागला?

याचे उत्तर अमेरिकेतील संशोधकांनी २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. एच२७५वाय या बदलामुळे विषाणूच्या पृष्ठभागावर पोहोचणाऱ्या कात्र्यांची संख्या कमी होते. लंगडेपणाचे कारण ते होते. पण त्या आधीच्या काही वर्षांत या विषाणूत दुसरे दोन-एक किरकोळ बदल होऊन गेले होते आणि त्यांच्यामुळे कात्र्यांची संख्या वाढलेली होती. घरात गंगाजळी असली की एखादा तोटा सहज पचतो. इथे तसेच झाले. औषधापासून बचाव करणारा बदल आला, तेव्हा त्याची किंमत विषाणूला जाणवलीच नाही.

असा विषाणू इतर कारणांनीही जोरदार पसरणारा असेल, तर औषधाला दाद न देण्याचा गुण त्याच्यासोबत फुकट प्रवास करतो. वाऱ्याबरोबर धुळीचा कण जावा तसा तो जगभर जातो. मग त्या देशात औषध वापरले जात असो वा नसो.

प्रतिजैविकांना, म्हणजे अँटिबायोटिकना, दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या बाबतीत ‘औषधाचा गैरवापर थांबवा’ हा संदेश बव्हंशी पुरतो. फ्लूच्या बाबतीत तो अर्धाच आहे. इथे औषध जपून वापरणे आवश्यक आहेच, पण तेवढ्याने खात्री मिळत नाही. म्हणून दर हंगामात विषाणूवर नजर ठेवावी लागते आणि संपूर्ण भिस्त औषधावर ठेवून चालत नाही.

नशिबाने मिळालेली सवलत

२००९ च्या एप्रिलमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत नवा एच१एन१ विषाणू आढळला. त्याची न्यूरामिनिडेज कात्री डुकरांमधल्या विषाणूकडून आलेली होती आणि तिच्यात एच२७५वाय हा बदल नव्हता. अमॅन्टाडिनला तो जन्मतःच दाद देत नव्हता, पण ऑसेल्टामिविरला देत होता. हा नवा विषाणू इतका पसरला की जुना हंगामी एच१एन१ माणसांमधून नाहीसाच झाला आणि त्याच्याबरोबर त्याचा औषधरोधही गेला. आपण औषध परत मिळवले नव्हते. विषाणूच बदलला होता.

तो ‘स्वाइन फ्लू’ आता वेगळी साथ राहिलेला नाही. तोच आज हंगामी एच१एन१ म्हणून दरवर्षी येतो. त्याच्या आणि एच३एन२ च्या नमुन्यांत ऑसेल्टामिविरला दाद न देणारे विषाणू जागतिक पाहणीत साधारणपणे एक-दोन टक्क्यांच्या आतच आढळत आले आहेत. म्हणून हे औषध आजही उपयोगी आहे, हे आधी स्पष्ट करायला हवे.

तरीही इशारे मिळत आहेत. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहराच्या परिसरात एच२७५वाय बदल असलेल्या नव्या एच१एन१ चे एकाच हंगामात २९ रुग्ण सापडले. त्यांच्यापैकी जवळजवळ कुणीही आधी औषध घेतलेले नव्हते. २०१३-१४ मध्ये जपानच्या सप्पोरो शहरात असाच पुंजका दिसला. दोन्ही वेळा तो विषाणू जगभर पसरला नाही. २०२३ पासून आणखी एका जोडबदलाचे विषाणू तुरळक प्रमाणात अनेक खंडांत आढळले आहेत. त्यांच्यावर ऑसेल्टामिविरचा परिणाम काहीसा कमी होतो, पूर्ण थांबत नाही.

नव्या औषधाचीही तीच परीक्षा

जपानने फेब्रुवारी २०१८ मध्ये बॅलोक्झाविर या नव्या औषधाला मान्यता दिली. ते कात्रीवर काम करत नाही, विषाणूच्या नक्कल करण्याच्या यंत्रणेवरच घाव घालते. शिवाय त्याची एकच मात्रा पुरते. पाच दिवस गोळ्या घेण्याचा त्रास नसल्याने पहिल्याच हंगामात ते जपानमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरले गेले.

पण मान्यतेपूर्वीच्या चाचण्यांतच एक बाब समोर आली होती. औषध घेतलेल्या प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांपैकी सुमारे १० टक्के जणांत, तर १२ वर्षांखालच्या मुलांमध्ये सुमारे २३ टक्के जणांत, विषाणूने औषध टाळणारा बदल केला होता. लहान मुलांना फ्लूची पूर्वीची ओळख नसते. त्यांच्या शरीरात विषाणू जास्त वाढतो, जास्त दिवस राहतो आणि त्याला बदलायला अधिक संधी मिळते. त्यामुळे जपानमधल्या बालरोगतज्ज्ञांनी लहान मुलांच्या बाबतीत सावध भूमिका घेतली. हा बदललेला विषाणू आजवर मोठ्या प्रमाणावर पसरलेला नाही. पण ऑसेल्टामिविरबद्दलही २००७ पर्यंत हेच म्हटले जात होते.

रुग्णाच्या शरीरात काय होते

विषाणू जगभर पसरणे आपल्या हातात नसले, तरी रुग्णाच्या शरीरात औषधाला दाद न देणारा विषाणू तयार होणे बऱ्याच अंशी टाळता येते. त्याचे एक बोलके उदाहरण हंगामी फ्लूचे नसून बर्ड फ्लूचे आहे. २००५ मध्ये व्हिएतनाममध्ये बर्ड फ्लू झालेल्या भावाची सेवा करणाऱ्या एका किशोरवयीन मुलीला खबरदारी म्हणून ऑसेल्टामिविरची दिवसातून एकच मात्रा दिली गेली. प्रत्यक्षात तिला संसर्ग झालेला होता आणि तिच्या शरीरात औषध टाळणारा विषाणू तयार झाला. नंतर पूर्ण मात्रा दिल्यावर ती बरी झाली.

संसर्ग झालेल्या माणसाला अपुरी मात्रा मिळाली, की विषाणू मरत नाही. औषधाच्या सान्निध्यात वाढत राहतो आणि त्याला चुकवायला शिकतो. घरात एकाला फ्लू झाला म्हणून त्याच्या गोळ्यांतल्या दोन-दोन गोळ्या सगळ्यांनी वाटून घेणे धोक्याचे आहे, ते यामुळेच. ज्याला ताप-खोकला सुरू झालेला आहे, त्याला प्रतिबंधाची कमी मात्रा देऊ नये. त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्ण उपचार द्यावेत किंवा कुठलेही विषाणूविरोधी औषध देऊ नये.

दुसरा धोक्याचा गट म्हणजे रक्ताचा कर्करोग, अवयव किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण, दीर्घकाळ स्टेरॉइड अशा कारणांनी प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण. निरोगी माणसाच्या शरीरातून फ्लूचा विषाणू साधारण आठवड्याभरात निघून जातो. या रुग्णांमध्ये तो कित्येक आठवडे राहतो. उपचार लांबतात आणि विषाणूला सरावाला वेळ मिळतो. २००९ च्या साथीत वेल्समधल्या कार्डिफ येथे रक्तविकारांच्या वॉर्डात औषधाला दाद न देणारा विषाणू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेल्याचे नोंदले गेले. अशा रुग्णाला भेटायला जाताना साधी सर्दी असली तरी थांबावे आणि त्याच्या घरच्यांनी लस घ्यावी, ही विनंती म्हणूनच महत्त्वाची आहे.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. औषधाला दाद न देणारा विषाणू अधिक जहाल असतो असे नाही. त्याच्यामुळे होणारा आजार सामान्यतः नेहमीच्या फ्लूइतकाच असतो. बहुतेक निरोगी माणसे औषध न घेताही बरी होतात. फरक पडतो तो गंभीर रुग्णाला. गरोदर स्त्री, दमेकरी, मधुमेही, हृदयरोगी, वृद्ध आणि अगदी लहान बाळ यांना औषधाची खरी गरज असते आणि त्यांच्यासाठी पर्याय कमी असतात. झानामिविर हुंगायचे असल्याने दमेकऱ्याला देणे योग्य नसते आणि एच२७५वाय असलेल्या विषाणूवर पेरामिविरचाही परिणाम कमी होतो.

आपल्याकडे काय करावे

महाराष्ट्रात फ्लू वर्षातून दोनदा डोके वर काढतो: एकदा जानेवारी ते मार्च आणि पुन्हा पावसाळ्यात. या काळातल्या रुग्णांसाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्ग केले आहेत. सौम्य ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी असेल तर तो ‘अ’ वर्ग. त्यात तपासणी लागत नाही आणि ऑसेल्टामिविरही लागत नाही. घरी विश्रांती, भरपूर पाणी, तापासाठी पॅरासिटामोल आणि एक-दोन दिवसांत पुन्हा तपासून घेणे पुरते. ताप जास्त असेल, घसा फार दुखत असेल किंवा रुग्ण वर सांगितलेल्या जोखमीच्या गटातला असेल, तर तो ‘ब’ वर्ग. त्यात डॉक्टर तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करू शकतात. धाप लागणे, छातीत दुखणे, रक्तदाब उतरणे, थुंकीतून रक्त पडणे, नखे निळसर होणे, ग्लानी येणे ही ‘क’ वर्गाची लक्षणे. अशा रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे. त्याला ४८ तास उलटून गेले असले तरी औषध दिले जाते.

दोन सवयी मात्र सोडायला हव्यात. एक, साध्या सर्दीसाठी मेडिकलमध्ये जाऊन फ्लूची गोळी मागणे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाही आणि त्याला कारण आहे. निरोगी माणसाचा आजार या गोळीने साधारण एका दिवसानेच कमी होतो. दुसरी सवय याच्या अगदी उलट आणि अधिक घातक. जोखमीच्या गटातल्या माणसाने ताप तीन-चार दिवस अंगावर काढायचा, मधल्या काळात कुणीतरी सुचवलेले अँटिबायोटिक घ्यायचे आणि धाप लागल्यावर रुग्णालय गाठायचे. अँटिबायोटिकचा फ्लूच्या विषाणूवर काहीही परिणाम होत नाही. त्यात फक्त औषधाच्या उपयोगाची वेळ निघून जाते.

डॉक्टरांनी ऑसेल्टामिविर सुरू केले, तर ते दिवसातून दोनदा, पाच दिवस, पूर्ण घ्यावे. दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवू नयेत.

आणि लस घ्यावी. ऑसेल्टामिविर आणि बॅलोक्झाविर विषाणूच्या ज्या भागांवर काम करतात, त्यापेक्षा वेगळ्या भागाला लस मुख्यतः लक्ष्य करते. त्यामुळे विषाणू औषधाला दाद देतो की नाही, याने लसीच्या संरक्षणात फरक पडत नाही. ज्याला फ्लूच झाला नाही, त्याच्या शरीरात विषाणूला बदलायची संधीही मिळत नाही. विषाणू दरवर्षी रूप पालटतो म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. आपल्या हवामानात ती पावसाळ्यापूर्वी घेतलेली बरी. गरोदर स्त्रिया, साठीपुढच्या व्यक्ती, दीर्घ आजारांचे रुग्ण आणि रुग्णालयात काम करणारे सर्व जण यांना ती प्राधान्याने हवी.

राहिला प्रश्न नजर ठेवण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेचे फ्लू-निरीक्षणाचे जाळे १९५२ पासून काम करत आहे आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था त्याचा एक भाग आहे. रुग्णांच्या नाका-घशातून घेतलेल्या नमुन्यांतला विषाणू अशा प्रयोगशाळांत कोणत्या प्रकारचा आहे आणि औषधाला दाद देतो का, हे तपासले जाते. २००८ मध्ये नॉर्वेतला बदल लक्षात आला तो अशाच नेहमीच्या तपासणीतून, एखाद्या मोठ्या साथीमुळे नव्हे. तेव्हा रुग्णालयात नाका-घशातला नमुना द्यायला सांगितले, तर टाळू नये. त्या अहवालाचा उपयोग त्या रुग्णाला होईलच, शिवाय पुढच्या पावसाळ्यात अतिदक्षता विभागात येणाऱ्या एखाद्या गरोदर स्त्रीला कोणते औषध द्यायचे, हेही त्यातूनच ठरत असते.